डाव्या हाताचं दुसरं शटर

सोमवार, ३ मार्च

मालकीणबाईंनी आज एक वही दिली. म्हणाल्या, गाडी कुठं चार्ज केली, किती वेळ लागला, सगळं लिहीत जा. मी म्हटलं, चौथी शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. तर म्हणाल्या, वाचणार मी आहे, कोंबडी नाही. अशा तोंडाला तोंड देतात म्हणून तर एकोणीस वर्षं त्यांच्या धुलाईत टिकले.

ती वही गाडीची. फ्रीजवर ठेवलीय, सकाळी जाताना हाताला लागावी म्हणून. ही डायरी माझी. लेकीला कुठूनतरी फुकट मिळाली होती, कोरीच पडली होती. ही कपाटात चादरींच्या घडीत. ही कोणी वाचायची नाही.

झालं असं. वरच्या रस्त्यावर डोंगरात अकरा लॉज आहेत, त्यांच्या चादरी न् टॉवेल आम्ही धुतो. त्यासाठी बाईंनी बॅटरीवरची व्हॅन घेतली. तीन महिन्यांत ड्रायव्हर दोनदा रस्त्यात अडकला. दोन्ही वेळा गाडी दोरीने ओढत आणली, अडून बसलेल्या बैलासारखी. शनिवारी त्याने चावी टेबलावर आपटली आणि गेला. बाई म्हणाल्या, गाडी विकते आणि वरचा रस्ता सोडते. वरचा रस्ता सुटला म्हणजे धुण्याच्या खोलीतल्या आम्ही चौघी घरी.

मी म्हटलं, चावी इकडे द्या.

सगळ्या हसल्या. भावाचा टेम्पो मी पाच वर्षं चालवलाय, ह्यांना कुठं ठाऊक.

दोन महिने मिळालेत. तीन मेपर्यंत. सोमवार, बुधवार, शनिवार फेरी. एकदा जरी गाडी ओढून आणावी लागली तर संपलं, असं बाई सर्वांसमोर म्हणाल्या.

घरी सांगितलं. हे, म्हणजे माझा नवरा, बत्तीस वर्षं वायरमन. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले, डावा खांदा वर जात नाही. तेव्हापासून घरीच. घरी बसलेला पुरुष म्हणजे प्रत्येक गोष्टीत मत.

“गाडी जाते शंभर किलोमीटर. फेरी एकशे साठची. उरलेले साठ ढकलत आणणार?”

“वाटेत चार्ज करीन.”

“कुठं?”

“शोधीन.”

“अडकलीस तर मला फोन करू नकोस.”

“मेले तरी करणार नाही.”

लेक दोघांच्या मधे बसून जेवत होती. म्हणाली, “भांडून झालं की मीठ द्या कोणीतरी.”

बुधवार, ५ मार्च

परवाची फेरी बाई स्वतः सोबत होत्या, लॉजवाल्यांची ओळख करून द्यायला. आज पहिली एकटीची.

मोबाइलच्या नकाशात वाटेत चार ठिकाणी चार्जर दाखवतो, चारही हिरवे. पहिल्याचा पडदा काळा, वर धुळीत कोणीतरी बदामाचं चित्र काढलेलं. दुसरा एका हॉटेलच्या फाटकाच्या आत, फक्त त्यांच्या पाहुण्यांसाठी. तिसऱ्यासमोर साधी पेट्रोलची मोटार उभी करून माणूस आत झोपलेला. काच वाजवली तर म्हणतो, सावली आहे ना इथं. चौथ्याला मोबाइलवर नंबर हवा आणि तिथं मोबाइलला रेंज नाही.

नऊ टक्के उरले. मागे ओल्या टॉवेलचे ढीग. घाम कुठून कुठं गेला ते लिहीत नाही.

थांबले तर भिंतीआडून घरघर ऐकू आली. बर्फाचा कारखाना. सरळ आत गेले. म्हटलं, भाऊ, एवढं मोठं मशीन चालवता, मला एक पिन लावू द्या. बर्फवाला म्हणाला, लावा.

गाडीसोबत एक तार मिळते, तिच्या मधे डबा आहे. पिन घातली की डब्यावर हिरवा दिवा लागला तर गाडी वीज घेते. लाल लागला तर हात लावत नाही. लाल लागला. बर्फवाला म्हणाला, अर्थिंग बरोबर नसेल, जमिनीत जाणारी तार. पिन काढली, घातली, काढली, घातली. विसाव्या वेळी हिरवा. त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. एवढा मोठा कारखाना आणि तार नीट नाही, लाज वाटत नाही का?

दीड तास बसून चार फाटक्या चादरी शिवल्या. संध्याकाळी धुलाईत पोचले तेव्हा चार टक्के. पण स्वतःच्या चाकांवर.

शनिवार, ८ मार्च

अक्कल आली. चार्जर शोधायचेच नाहीत. जिथं जड काम चालतं तिथं वायर जाड असते. गिरणी, बर्फ, लाकूड कापायचं मशीन, वेल्डिंग. आवाज ऐकायचा आणि वळायचं. ह्या कामाला शाळा लागत नाही, कान लागतात.

आज पिठाची गिरणी पटली. गिरणीवाल्याच्या अंगावरचा सदरा बघून मी म्हटलं, हा सदरा आहे की पोळपाट? द्या इकडे, धुऊन आणते. विजेच्या बदल्यात धुणं, हा सौदा दोन मिनिटांत ठरला. बर्फवाल्याशीही तोच करणार.

तिथंही लाल दिवा. तिथंही बोलले.

बुधवार, १२ मार्च

काल ह्यांनी माळ्यावरून मासे धरायचा गळ काढला. लग्नाआधीचा आहे. म्हणाले, मंगळवारी न् शुक्रवारी तळ्यावर जाणार, डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत बसा. मी म्हटलं, बसा, इथं तरी काय करताय.

सकाळच्या बसने गेले, संध्याकाळी आले. कोपरापर्यंत चिखल. मासा एकही नाही.

“दिवसभर काय केलंत मग?”

“बसलो.”

“चिखलात?”

“मासे चिखलातच असतात.”

आज भाजीत घालायला गेले तर मिठाचा डबा खडखडीत. म्हणतात, आमिष मिठात मुरवावं लागतं. त्या माशांना इतकं चवीचं खाऊन तरी गळाला लागायला काय होतं!

गाडीच्या वहीत जागा नीट लिहायला लागले. जाताना मी कुठं थांबत नाही, लॉजवाल्यांना दहाच्या आत चादरी लागतात. जे काय थांबणं ते परतताना. बर्फाचा कारखाना, पुलानंतर, खाली उतरायच्या वाटेवर. गिरणी, पिंपळापाशी, आवाज येतोच. लाकडाची वखार, बस थांब्याच्या मागे. वेल्डर, पाण्याच्या टाकीनंतर दुसरं शटर, डाव्या हाताला. ह्या चार फेऱ्यांत चार जागा. पुढे दिव्याचा रंग लिहिते. चारही ठिकाणी मी गेले तेव्हा लाल.

बुधवार, १९ मार्च

गिरणीत पिन घातली. पहिल्या फटक्यात हिरवा!

गिरणीवाल्याकडे बघितलं. म्हटलं, केलंत ना शेवटी? सांगितल्याशिवाय हलत नाही तुम्ही लोक.

तो पिठातून हसला. म्हणाला, “तुमचं नशीब चांगलं आहे, बाई.”

“नशीब कसलं? तोंड चांगलं आहे.”

“तेही आहेच,” म्हणाला.

सोमवारी बर्फवाल्याकडेही हिरवाच होता. म्हणजे दोन झाले. माझ्या बोलण्याने माणसं हलतात. धुण्याच्या खोलीत बायका म्हणतात, तुझी जीभ फार चालते. आता दाखवते त्यांना, जिभेवर गाडी चालते.

रविवार, २३ मार्च

गाडीच्या वहीचं पान दुमडलेलं सापडलं. जागांची यादी आहे तेच. लेकीला झापलं.

“मी कशाला हात लावू तुझ्या वहीला?”

“मग मांजर दुमडतं का?”

“आई, आपल्याकडे मांजर नाही.”

“म्हणूनच तू.”

ती बापाकडे बघत राहिली. हे पेपर वाचत होते, पेपर जरा वर धरला. तिला सांगितलं, दवाखान्यात केसपेपर दुमडतेस तशी घरची वही दुमडायची नाही. ती दवाखान्यात कारकून आहे.

पुन्हा मीठ संपलं. आणि कपड्यांच्या इस्त्रीला ठेवलेला कोळसा अर्धा गायब. आता तळ्यावर मासे भाजून खातात की काय? मग आणत का नाहीत घरी? विचारलं तर म्हणाले, शेकोटी. मार्चमध्ये!

गळाची पिशवी उचलून बघितली. उचलवेना. म्हटलं, आत काय, पहार आहे? म्हणाले, “ठेव ती, आकडे बोटात जातील.” ठेवली. मला कुठं वेळ आहे आकडे मोजायला.

शनिवार, २९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

त्या काळ्या पडद्याच्या चार्जरपाशी एक पांढरी मोटार उभी. नवीकोरी, आरशासारखी. साहेब मोबाइल आकाशाकडे धरून फिरत होते. बायको आत, मांडीवर बाळ, बाळ लालेलाल. मी पुढे गेले होते, परत मागे आले. तीन टक्के म्हणाले. कंपनीला फोन केला तर तिकडून गाणं ऐकवतात.

म्हटलं, या माझ्या मागे. हळू चालवा, गार हवेचं मशीन बंद करा, काचा उघडा.

गिरणीत आणलं. माझी पिन बाजूला ठेवली, त्यांची लावली. हिरवा. गिरणीवाल्याने बाळाला पोत्यावर बसवलं. ते पिठात हात बुडवून इतकं हसायला लागलं की त्याची आई रडली. साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोणतं ॲप वापरता?”

मी म्हटलं, “कान.”

साहेबांना कळलं नाही. वही दाखवली. त्यांनी एकेका पानाचा फोटो काढला. म्हणाले, ताई, तुम्हाला कल्पना नाही ही वही काय आहे. मी म्हटलं, पूर्ण कल्पना आहे, दिवसभर मीच लिहिते.

माझी गाडी त्यांच्यानंतर लागली म्हणून दीड तास उशीर. बाईंना खरं कारण सांगितलं. ओरडल्या नाहीत.

घरी जेवताना सांगितलं सगळं. हे जेवायचे थांबले. “गिरणीत का? दुसऱ्याची गाडी लावली तरी हिरवाच?”

“हिरवाच.”

“एकदम?”

“एकदम. मी बोलून करून घेतलंय ते.”

“हं,” म्हणाले आणि आणखी भात वाढून घेतला. भूक बरी दिसते मोकळ्या हवेने.

बुधवार, ९ एप्रिल

जागा सात झाल्या. सातपैकी सहा हिरव्या. वखारवाला, खडी फोडायच्या मशीनवाला, दूध थंड करायचं केंद्र, सगळ्यांना दोनदा बोलले की तिसऱ्यांदा हिरवा. माझं गणित पक्कं आहे.

फक्त वेल्डर. महिना झाला बोलतेय. जाड चामड्याचा आहे, हातमोज्यांसारखा. आजही पंचवीस वेळा पिन काढली-घातली. तो म्हणतो, “बाई, मी दारं-खिडक्या जोडतो, तुमची तार मला कळत नाही.” म्हटलं, माणूस बोलवा. म्हणतो, कोण येतंय. बाकी सगळ्यांकडे कोण आलं मग? तेवढं त्याला विचारलं, तर खांदे उडवतो.

ती जागा सोडताही येत नाही. तिथून पुढे वखार चोवीस किलोमीटर, मधे नुसती शेतं.

बुधवार, १६ एप्रिल

मासा आला! काल ह्यांनी आणला. बोलावून बोलावून दाखवला, लेकीला, शेजारणीला. मी हातात घेतला. खवले काढलेले. पोट साफ केलेलं. आणि आत बर्फाचा खडा.

मासा ताटात ठेवला. लेकीला स्वयंपाकघरात सांगितलं, बघ, विकत आणला बिचाऱ्यांनी, रिकाम्या हाताने यायची लाज वाटली असणार. खांदा गेल्यापासून मनाने फार खचलेत. तू बापाला काही बोलू नकोस.

लेक खोकायला लागली, ती पाणी प्यायला बाहेरच गेली.

मासा छान झाला. ह्यांना म्हटलं, हाताला गुण आहे तुमच्या. खोटं बोलायची सवय नाही मला, पण इतकं चालतं. त्यांच्या उजव्या तळव्याला फोड आलाय, पहार चालवल्यासारखा. गळ धरून फोड येतो का कोणाला? त्यांना येतो.

शनिवार, २६ एप्रिल

आज संपलं होतं सगळं. आधीपासून लिहिते.

वरच्या मोठ्या लॉजमध्ये पाहुण्यांची टोळी दुपारपर्यंत झोपली, म्हणून चादरी मिळायला दोन वाजले. रोज मी एकच्या सुमारास वेल्डरपाशी असते. आज साडेचार. सात टक्के. गाडीत ओलं धुणं नेहमीच्या दुप्पट.

पिन घातली. लाल. काढली, घातली. लाल. चाळीस वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं. वेल्डरने स्वतःही करून बघितलं. म्हणाला, “नाही धरत आज, बाई. उन्हाने जमीनच वाळलीय.” त्याच्या तोंडावर प्रथमच वाईट वाटल्यासारखं दिसलं. 

बाईंचा फोन आला. “कुठं आहेस?”

“येतेय.”

“अडचण आहे का?”

“येतेय म्हटलं ना.”

ठेवला. गाडीच्या पायरीवर बसले. धुण्याच्या खोलीतल्या तिघी डोळ्यांसमोर आल्या. एकीचा नवरा अंथरुणाला आहे, एकीने परवाच नातीला शाळेत घातलंय. सात दिवस राहिले होते फक्त. मोबाइलमध्ये ह्यांचं नाव काढलं. अंगठा वर धरून ठेवला. वायरमन आहेत, बसने दोन तासांत येतील. पण फोन करणार नाही असं मी म्हटलंय. मेले तरी, असंही म्हटलंय. मोबाइल खिशात ठेवला आणि उठले, की निदान ओलं धुणं सावलीत तरी ओढावं.

तेवढ्यात टाकीच्या पलीकडून, रस्त्याच्या त्या अंगाने हाक आली.

“अहो, चादरीवाल्या बाई! येणार येणार म्हणून महिना झाला, आणि बसलात तिकडे कुठं?”

बेकरीवाली. पदराला पीठ, कमरेवर हात. सकाळी जाताना दहाच्या घाईत मी तिच्या बेकरीकडे कधी बघितलंच नव्हतं. पहाटे भट्टी लावतात, बाराला शटर ओढून झोपतात, चारला पुन्हा उघडतात. आणि परतताना मी इथं एकला येते. माझ्यासाठी ते नुसतं बंद शटर होतं.

“मला ओळखता?”

“गाडी ओळखते. पांढरी, मागे टॉवेलचं चित्र. तुमच्यासाठी पिन लावायची सोय करून ठेवलीय ना!”

“कोणी?”

“घ्या! तुमचंच माणूस. डावा खांदा असा पडलेला. खड्डा खणला हातभर, त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, कोळसा घातला, मीठ घातलं, वर दोन बादल्या पाणी. मी म्हटलं, अर्थिंग करताय की लोणचं? तर म्हणे, हिच्या गाडीला लागतं. रोज एक तांब्या पाणी घाला म्हणाले, मी घालते.”

मी रस्ता ओलांडून तिच्या शटरपाशी गेले.

“मी सांगितलं त्यांना, इथं कोणी चादरीवाली येत नाही हो. त्यांनी चिठ्ठी दाखवली. पाण्याच्या टाकीनंतर दुसरं शटर, डाव्या हाताला. म्हणाले, येईल, ती जागा लिहून ठेवते ते उगाच नाही. आणि मी आलो होतो हे सांगू नका.”

“मग सांगितलंत कशाला?”

“अहो, महिनाभर पोटात ठेवलं! आणखी किती ठेवू?”

टाकी मधे आहे. मी परतताना येते तेव्हा टाकीनंतर डाव्या हाताला दुसरं शटर वेल्डरचं. ते बसने जाताना आले असणार. जाताना टाकीनंतर डाव्या हाताला दुसरं शटर बेकरीचं. मी वहीत येतानाचं लिहिलं आणि ‘येताना’ हे लिहिलंच नाही. माझं मला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला लागेल असं कुठं वाटलं.

गाडी हळूच तिथं नेली. पिन घातली. हिरवा. पहिल्या फटक्यात.

मग बोर्डाकडे बघितलं. आयुष्यात प्रथम नीट बघितलं. सरळ रेषेत बसवलेला. वायरला वीत-वीत अंतरावर खिळा. आणि जोडावर काळी टेप, तिचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक वायरीवर तसं टोक आहे. पुढच्याला सोडवायचं झालं तर नख लागायला जागा हवी, म्हणतात. वहीचं पानही तसंच दुमडलेलं होतं.

दोन तास बसले. चादर हातात होती, टाका एकही घातला नाही. बेकरीवालीने गरम पाव दिला, वरून म्हणाली, “तुमचे हे बोलतात फार हो. माझा जुना बोर्ड बघून मला काय काय बोलले!”

“आमच्याकडे दोघांनाही तीच खोड आहे,” मी म्हटलं.

परतताना वखारीत थांबायची गरज नव्हती. तरी थांबले. बोर्डावरची टेप बघितली. टोक दुमडलेलं. म्हणजे मी बोलले म्हणून काही झालंच नव्हतं. गिरणीवाला म्हणाला होता, नशीब चांगलं आहे. पिठातून हसत होता मेला.

धुलाईत साडेआठला पोचले. स्वतःच्या चाकांवर. बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “उशीर झाला.” मी म्हटलं, “हो, पण आले.”

रविवार, २७ एप्रिल

घरात काही बोलले नाही. सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, “काल उशीर?”

“चादरी उशिरा मिळाल्या.”

“अडकली नाहीस ना?”

“नाही.”

“मग ठीक.”

बास.  पण रात्री मी घरी येईपर्यंत ह्यांनी कितीदा घड्याळ बघितलं ते लेकीने सांगितलंय मला, न विचारता. तिलाही सगळं आधीपासून ठाऊक होतं, बाईसाहेबांना. तो साफ केलेला मासा आठवून ती आजसुद्धा हसते. हसू दे.

मला राग यायला हवा होता. इतके दिवस मी गावभर सांगत फिरले की माझं तोंड चालतं. राग आला नाही. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात दिवे लावले आणि मी एकदा विचारलं नाही की कसे लावता. त्यांच्या कामात मी डोकं घालायचं नाही, माझ्या धुण्यात त्यांनी, असं आमचं चाललं. एक हात वर जात नसताना सात ठिकाणी पहार चालवली माणसाने. बसने. वरून चिखलाला तळं म्हणायचं.

आणि जागा? जागा मी शोधल्या. त्यात कोणाची मदत नाही. तो माझा कान.

बाजारातून मिठाचे चार पुडे आणले.

शनिवार, ३ मे

झालं. दोन महिने झाले, पंचवीस-सव्वीस फेऱ्या, एकदाही दोरी लावली नाही. बाईंनी धुण्याच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. गाडी राहणार. वरचा रस्ता राहणार. चौघी राहणार. अंथरुणावरच्या नवऱ्याची ती बाई माझ्या गळ्यात पडली, साबणाच्या हाताने. माझा चांगला ब्लाउज गेला.

आणखी एक. त्या पांढऱ्या मोटारीच्या साहेबांनी वहीचे फोटो कुठं कुठं पाठवलेत. बॅटरीच्या गाड्यांचे चालक धुलाईत फोन करतात, चादरीवाल्या बाईंची यादी आहे का म्हणून. गिरणीवाल्याने दुसरी पिन लावून घेतलीय. बर्फवाला गाडीवाल्यांना सरबत विकतो. बाई म्हणाल्या, वही नीट छापून घेऊ, गाड्यांतून वाटू, वर आपल्या धुलाईचं नाव.

मग त्यांनी वही उलटीपालटी केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “चौथी शिकलेली बाई! एवढं सगळं एकटीने केलंस?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणायला तोंड उघडलं. एकोणीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं, आणि ‘हो’ अगदी दातांपर्यंत आलं होतं.

“नाही,” म्हटलं. “शोधलं मी. जोडलं आमच्या ह्यांनी. छापाल तेव्हा दोघांचं छापा.”

बाई म्हणाल्या, “ते मासे धरतात ना?”

“धरतात की,” मी म्हटलं. “सात धरले.”

घरी आले. हे झोपाळ्यावर पाय हलवत बसले होते. सांगितलं, गाडी राहिली. ते म्हणाले, “राहणारच होती.” दोन महिन्यांपूर्वी म्हणे ढकलत आणणार का. पण मान अशी ताठ करून बसले होते, जशी गाडी त्यांनीच पाठीवर वाहून आणली. एका अर्थाने आणलीच.

मग मी गाडीची वही काढली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं:

डावा हात म्हणजे येतानाचा. जातानाचा नाही.

वही फ्रीजवर ठेवली. वर मिठाचा एक पुडा ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

रविवार, ४ मे

सकाळी वही बघितली. पुडा बाजूला. माझ्या ओळीखाली पेन्सिलीने, वायरमनच्या तिरक्या अक्षरात:

हे आधी लिहायचं. वेल्डरचा खड्डा राहिला की.

पानाचं टोक दुमडलेलं.

ते अंगणात गळ पुसत होते. माझ्याकडे बघितलं नाही.  मी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं:

मंगळवारी सातला निघू. गाडी बाईंकडून मागून घेते. पुढच्या सीटवर बसा. गळ घरी ठेवा. मीठ मी घेतलंय.